वाटीएवढे फळांचे केक, ठाण्याच्या हवेत

फळ घातलेला छोटा केक बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. पुढे दिलेल्या प्रमाणात आठ केक होतात. त्यांतील प्रत्येकाच्या वाट्याला मैदा येतो अवघा १५ ग्रॅम, आणि त्यावर २५ ग्रॅम ताजा अननस ठेवला तर त्या अननसात पाणीच २१ ग्रॅमहून अधिक असते. ओव्हनच्या उष्णतेने ते सुटते, खाली झिरपते, आणि वरून खरपूस दिसणाऱ्या केकमध्ये फळाच्या लगत खाली एक चिकट, कच्च्या पिठासारखा थर राहतो. मोठ्या केकमध्ये हा दोष एखाद्या तुकड्यावर निभावतो. छोट्या केकमध्ये मात्र ज्याच्या ताटलीत तो जातो त्याच्या वाट्याला पूर्ण दोषच येतो. म्हणून या लेखात पिठाइतकाच, किंबहुना थोडा अधिक, भर फळाला केकवर जाण्यापूर्वी कसे तयार करावे यावर दिला आहे.

वाटीत एकेकाचा गोड पदार्थ करायचा ही रीत आपल्याकडे नवी नाही. फणसाच्या रसात तांदळाचा रवा आणि गूळ कालवून, तुपाचा हात फिरवलेल्या वाट्यांमध्ये उकडलेली सांदणे ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. सांदणात रसातले पाणी रवा पिऊन घेतो आणि फुगतो. लोणी-साखरेत अडकलेल्या मैद्याला तेवढी उसंत मिळत नाही. सांदणातली ही युक्ती आपण पुढे थोड्या वेगळ्या रूपाने उसनी घेणार आहोत.

भांडी आणि ओव्हन

बाजारात मिळणारा सहा किंवा बारा खळग्यांचा मफिन ट्रे सोयीचा असतो, परंतु तो नसल्यास १०० ते १२० मिलिलिटर मापाच्या, सरळ कडेच्या स्टीलच्या वाट्या उत्तम काम देतात. वाट्यांना आतून बटर लावून मैदा भुरभुरावा, जास्तीचा मैदा झटकून टाकावा आणि तळाशी बटर पेपरची गोल चकती ठेवावी. कागदी कप दिसायला नेटके असतात, पण रसाळ फळांच्या केकसाठी मी ते वापरत नाही. केक निवताना त्याची वाफ कागदात अडकते आणि आपल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत कागद ओला होऊन सुटू लागतो. इराणी बेकरीतला मावा केक कागदात चांगला राहतो, कारण त्याच्यावर फळ नसते.

घरगुती ओटीजीला, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलला, बहुधा १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. दिवाणखान्यातल्या साध्या प्लगवर तो चालवू नये. ओव्हनच्या तबकडीवरील आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नये. माझ्या ओव्हनची तबकडी १७५ अंश दाखवत असे तेव्हा आत सुमारे १९५ अंश असत, आणि हे कळेपर्यंत मी कितीतरी घाणे कडांना करपवले होते. आत टांगून ठेवायचा ओव्हन थर्मामीटर महाग नसतो आणि तो या सगळ्या सामानातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे. दुसरी उपयोगी वस्तू म्हणजे ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, कारण प्रत्येकाच्या घरातली वाटी निराळी असते.

मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची सोय असल्यास ते चालते. तेव्हा धातूचा ट्रे किंवा वाट्या केवळ कन्व्हेक्शनवरच वापराव्यात. मायक्रोवेव्ह किंवा दोन्हींच्या एकत्रित पर्यायावर धातू ठेवू नये.

साहित्य

आठ केकसाठी मैदा १२० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, बारीक साखर १०० ग्रॅम, दोन अंडी, बेकिंग पावडर एक सपाट छोटा चमचा, घट्ट दही दोन मोठे चमचे, आणि व्हॅनिला किंवा अर्धा छोटा चमचा वेलचीपूड. अमूलचे नेहमीचे पिवळे बटर खारट असते, तेव्हा ते वापरल्यास वेगळे मीठ घालू नये. बिनमिठाचे बटर असेल तर चिमूटभर घालावे. साखर मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन बारीक करावी, पण तिची पिठीसाखर होऊ देऊ नये. साखरेच्या कणांच्या टोकांमुळेच बटरमध्ये हवा शिरते, आणि पिठीसाखरेला ते काम नीट जमत नाही.

अंडे न खाणाऱ्या घरांसाठी प्रमाण वेगळे आहे, केवळ अंडे वगळून ते साधत नाही. मैदा १२५ ग्रॅम, ताजे दही १६० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, वास नसलेले तेल ७५ ग्रॅम, बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा आणि खाण्याचा सोडा पाव छोट्या चमच्याहून किंचित जास्त. यात दही, साखर आणि तेल एकजीव करून त्यात चाळलेले कोरडे जिन्नस मिसळायचे असतात. सोडा आणि दही एकत्र आले की वायू लगेच सुटू लागतो, म्हणून ओव्हन आधी तापवून ठेवावा आणि मिश्रण झाल्याबरोबर साच्यांत घालावे. हे मिश्रण अंड्याच्या मिश्रणापेक्षा पातळ असते. त्यावर जड फळ ठेवल्यास ते तळ गाठते. या केकसाठी फळाच्या अगदी पातळ चकत्या घ्याव्यात किंवा पुढे दिलेली उलट्या केकची पद्धत वापरावी.

बटर फेटणे, विशेषतः उन्हाळ्यात

पाककृतींमध्ये ‘बटर खोलीच्या तापमानाला आणावे’ असे लिहिलेले असते, परंतु ती खोली थंड देशातली असते. बटर फेटून त्यात हवा धरण्यासाठी ते साधारण २० अंशांच्या आसपास असावे लागते. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत, ओव्हन चालू असलेल्या छोट्याशा स्वयंपाकघरात पारा सहज ३२-३३ अंशांवर असतो, आणि तेथे अर्धा तास बाहेर ठेवलेले बटर तेलकट, चकचकीत होऊन बसते. ते कितीही फेटले तरी फुलत नाही, कारण हवेच्या बुडबुड्यांना धरून ठेवणारी घट्ट चरबीच उरलेली नसते. असे झालेले केक बसके आणि तुपकट होतात व दोष मात्र बेकिंग पावडरला दिला जातो.

यावर उपाय सोपा आहे. फ्रीजमधून काढलेल्या बटरचे एक सेंटिमीटरचे तुकडे करून दहाच मिनिटे बाहेर ठेवावेत. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बोट तुपकट होता कामा नये. फेटताना भांडे गरम होऊ लागले तर ते थंड पाण्याच्या परातीत ठेवून काम पुढे चालवावे. डिसेंबर-जानेवारीत एवढी दक्षता लागत नाही. अंडी मात्र उलट अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावीत, नाहीतर थंड अंड्यामुळे फेटलेले बटर फाटल्यासारखे होते.

बटर आणि साखर हँड मिक्सरने चार-पाच मिनिटे, रंग फिकट होऊन मिश्रण हलके होईपर्यंत फेटावे. एकेक अंडे घालून प्रत्येक वेळी नीट मिसळावे. मिश्रण फाटलेच तर मैद्यातला एक चमचा त्यात घालावा, ते सावरते. बेकिंग पावडरसह दोनदा चाळलेला मैदा घालून आता मिक्सर बाजूला ठेवावा आणि उलथन्याने खालून वर असे हलक्या हाताने मिसळावे. शेवटी दही घालावे. तयार मिश्रण चमच्यातून धारेने न पडता गोळ्याने पडले पाहिजे. फळ बुडू नये म्हणून फळाला मैदा चोळावा असा सल्ला सर्रास दिला जातो. पातळ मिश्रणात त्याचा फारसा उपयोग होत नसल्याचे मी पाहिले आहे, आणि घट्ट मिश्रणात त्याची गरज नसते.

फळ

ज्या फळात पाणी अधिक ते फळ अधिक त्रासाचे, असे वाटेल, पण हिशेब इतका सरळ नाही. सफरचंदात अननसाइतकेच, म्हणजे सुमारे ८६ टक्के पाणी असते, तरीही सफरचंदाचा केक सहसा ओला होत नाही, कारण त्याचा गर घट्ट असतो आणि पाणी हळूहळू सोडतो. स्ट्रॉबेरीत ते ९१ टक्के असते आणि उष्णता लागताच ती खचते. हापूसमध्ये ८३, चिकूत ७८, केळ्यात ७५. तेव्हा फळात पाणी किती आहे याबरोबरच ते किती घट्ट धरलेले आहे, हे पाहावे.

ओव्हनमध्ये जाणाऱ्या फळांत माझ्या मते पहिला मान प्लमचा, म्हणजेच आलुबुखारचा. उन्हाळा संपता संपता आणि पावसाच्या सुरुवातीला ते हिमाचलातून येऊ लागतात आणि तुर्भ्याच्या घाऊक फळबाजारातून, ज्याला सगळे वाशी मार्केटच म्हणतात, मुंबई-ठाण्यातल्या हातगाड्यांवर पोचतात. किंचित कडक प्लम घेऊन त्याच्या आठ फोडी कराव्यात आणि कापलेली बाजू वर येईल अशा त्या मिश्रणात उभ्या खोचाव्यात. साल खाली राहिल्याने रस वाटीसारखा सालीतच थांबतो व वरच्या उष्णतेने आटतो. हेच पीचलाही लागू आहे.

अननस कच्चा ठेवू नये. २५० ग्रॅम अननसाचे एक सेंटिमीटरचे तुकडे दोन मोठे चमचे साखरेबरोबर पसरट तव्यात मध्यम आचेवर परतावेत आणि वजन १५० ग्रॅमपर्यंत उतरले की गॅस बंद करावा. अंदाजाने न ठरवता तुकडे खरोखर काट्यावर ठेवून पाहावेत. पाणी किती गेले याचा डोळ्यांना अंदाज येत नाही. याचा दुसरा लाभ असा की अननसातले ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे द्रव्य शिजवल्याने निकामी होते. कच्चा अननस दुधाच्या साईवर किंवा चक्क्यावर ठेवला तर तासाभरात कडवटपणा येतो, तो याच द्रव्यामुळे. जिलेटिनही त्यामुळेच गोठत नाही. चायना ग्रास म्हणजे अगर-अगर प्रथिन नसल्याने त्याला ही बाधा होत नाही.

पेरू हे घरच्या बेकिंगमध्ये फारच दुर्लक्षित राहिलेले फळ आहे. बियांचा भाग काढून टाकून उरलेल्या गराच्या पातळ फोडी दोन चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाच्या रसात पाच मिनिटे वाफवाव्यात आणि निथळून वापराव्यात. घरभर सुटणारा वास ओळखीचा असतो आणि तरी नवा वाटतो. ताजे अंजीर पुरंदरकडून हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. ते केवळ चौकोनी चिरून ठेवले तरी पुरते. चिकूत आंबटपणा जवळजवळ नसल्याने तो लोणी-साखरेत हरवून जातो. घोलवडचा उत्तम चिकू मिळाला तरी त्याच्याबरोबर मिश्रणात एक छोटा चमचा इन्स्टंट कॉफी आणि किसलेली लिंबाची साल घालावी, म्हणजे त्याची चव वर येते. कापा फणसाचे गरे उभे चिरून चांगले लागतात, बरक्याचे मात्र सांदणच करावे. पपई आणि कलिंगड ओव्हनपासून दूर ठेवावे.

हापूसविषयी माझे मत थोडे कठोर आहे. ज्या फळाच्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर आपल्या ठाणे जिल्ह्याचाही २०१८ साली समावेश झाला, ते फळ १७५ अंशांवर जवळजवळ अर्धा तास भाजून त्याचा सुवास घालवणे मला पटत नाही. भाजायचाच असेल तर घट्ट गराचा तोतापुरी घ्यावा. हापूस, तसेच महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, भाजून निवलेल्या केकवर कच्चीच ठेवावी. ती पद्धत पुढे येते.

सांदणाची उसनी युक्ती आता वापरायची. फळ ठेवण्यापूर्वी मिश्रणाच्या पृष्ठभागावर प्रत्येक केकला एक छोटा चमचा कोरडा भाजलेला बारीक रवा किंवा काजू-बदामाची पूड पसरावी. घरात टोस्ट असेल तर त्याचा चुराही चालतो. फळातून सुटलेला रस हा थर शोषून घेतो, फुगतो आणि भाजल्यावर वेगळा ओळखूही येत नाही. बदामाची पूड चवीला सर्वांत सरस, रवा खिशाला सर्वांत स्वस्त, आणि शोषून घेण्यात रवाच पुढे.

भाजणे

ओव्हन १७५ अंशांवर पंधरा मिनिटे आधी तापवून ठेवावा. प्रत्येक साच्यात ५५ ग्रॅम मिश्रण घालावे. त्याने साचा अर्ध्याहून किंचित अधिक भरतो, आणि वर फळ येणार असल्याने तेवढेच हवे. रव्याचा थर, मग सुमारे २५ ग्रॅम फळ, आणि त्यावर चिमूटभर जाड साखर. फळ कडेला टेकू देऊ नये, कारण कडेला आलेला रस साच्याला चिकटून करपतो आणि केक निघत नाही. ट्रे मधल्या कप्प्यात ठेवावा. वरच्या कप्प्यात ठेवल्यास फळाची टोके रॉडजवळ येऊन काळी पडतात. ओव्हनमधला पंखा चालू असल्यास तापमान १६० अंश ठेवावे.

मफिन ट्रेमध्ये २४ ते २६ मिनिटे, स्टीलच्या वाट्यांत दोन-तीन मिनिटे अधिक. पहिली पंधरा मिनिटे दार अजिबात उघडू नये. तोपर्यंत केकचा सांगाडा बसलेला नसतो आणि थंड हवेने मध्यभाग खाली जातो. पावसाळ्यात नेमकी याच वेळी वीज गेली तर दार बंदच ठेवावे. वीस मिनिटे होऊन गेली असतील तर आतल्या उष्णतेवर छोटे केक सहसा पार पडतात. पहिल्या दहा मिनिटांत गेली तर त्या घाण्याची आशा सोडावी.

केक झाला की नाही हे पाहण्यासाठी टूथपिक फळातून घालू नये, ती रसाने ओलीच निघणार. फळ आणि कड यांच्या मधल्या उघड्या जागेतून तिरपी, फळाखालच्या भागापर्यंत न्यावी. खाद्यपदार्थांचा थर्मामीटर असल्यास त्याच जागी ९६ ते ९८ अंश दिसले पाहिजेत. बाहेर काढल्यावर पाच मिनिटे साच्यातच ठेवून मग जाळीवर काढावेत. त्याहून अधिक वेळ ठेवले तर वाफेने तळाला घाम येतो.

केक कोमट असतानाच फळावर चकाकी द्यावी. परदेशी पुस्तकांत त्यासाठी जर्दाळूचा जॅम सांगितलेला असतो. आपल्याकडे साखरांब्याचा पाक त्याहून चांगला लागतो. दोन चमचे पाक एक चमचा पाण्यात गरम करून, गाळून, ब्रशने अगदी पातळ लावावा. प्लमवर मोरावळ्याचा पाकही मी वापरून पाहिला आहे आणि तो शोभतो.

उलटा केक

नवशिक्याने सुरुवात यापासून करावी असे मला वाटते, कारण यात फळ बुडण्याचा प्रश्नच येत नाही. बटर लावलेल्या वाटीच्या तळाशी, बटर पेपरवर, एक छोटा चमचा वितळलेले बटर आणि एक छोटा चमचा किसलेला गूळ पसरावा. त्यावर परतून आटवलेला अननस किंवा केळ्याच्या चकत्या दाटीने मांडाव्यात आणि वर ५० ग्रॅम मिश्रण घालून १७५ अंशांवर २५ ते २८ मिनिटे भाजावे. बाहेर काढल्यावर बरोबर पाच मिनिटांनी, सुरी कडेने फिरवून, वाटी ताटलीवर उलटी करावी. लगेच उलटल्यास गुळाचा पाक वाहतो आणि पूर्ण निवल्यावर उलटल्यास तो घट्ट होऊन फळाला वाटीतच धरून ठेवतो.

ओव्हन नसलेल्या घरात हा केक जुन्या, जाड बुडाच्या पातेल्यातही होतो. तळाशी मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण, आणि दहा मिनिटे तापवल्यावर मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटे. वरचा भाग तांबूस होत नाही, पण तो खालीच जाणार असल्याने बिघडत नाही. कुकर वापरल्यास शिट्टी आणि रबर काढून टाकावे.

कच्चे फळ वर ठेवायचे असल्यास

हापूस किंवा स्ट्रॉबेरी ठेवण्यासाठी केक पूर्ण निवलेला असावा. आपल्याकडे पाकिटात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो आणि ते फेटून उभे राहत नाही. बेकरीवाले वापरतात ते वनस्पती तेलाचे क्रीम उभे राहते, परंतु जिभेवर त्याचा थर बसतो. त्यापेक्षा डेअरीतून २०० ग्रॅम चक्का आणावा, त्यात ६० ग्रॅम पिठीसाखर आणि दोन चमचे क्रीम घालून पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावा. हे जवळजवळ श्रीखंडच आहे. फरक इतकाच की साखर कमी असल्याने ते ढिले पडत नाही. केकवर एक मोठा चमचा पसरून त्यावर फळाच्या चकत्या आयत्या वेळी मांडाव्यात. आधी मांडून ठेवल्यास चक्क्यातली साखर फळातले पाणी ओढून घेते आणि स्ट्रॉबेरीचे लाल ओघळ खाली उतरतात.

असे केक उन्हाळ्यात तासाभराहून अधिक फ्रीजबाहेर ठेवू नयेत आणि त्याच दिवशी संपवावेत. फळ भाजलेले केक त्या दिवशी बाहेर राहतात. दुसऱ्या दिवशी मात्र, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, ते झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्येच ठेवावेत, तेथे तीन दिवस टिकतात. डब्यात केकच्या खाली आणि वर टिश्यू पेपर ठेवावा आणि केक पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नये. फ्रीजमध्ये बटर घट्ट होऊन केक कडक लागतो, म्हणून खाण्यापूर्वी मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद किंवा साध्या हवेत वीस मिनिटे द्यावीत. फळ न लावलेले केक एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात, तेव्हा मार्चमध्ये एक घाणा करून ठेवला तर पहिली हापूसची पेटी उघडेल त्या दिवशी फक्त चक्का आणायचा उरतो.